बिस्मार्किया पाम लावला की वाळतोच? पाण्याचा पाइप उचलायच्या आधी हे बघा

बिस्मार्किया पामबद्दल एकच तक्रार परत परत ऐकायला मिळते. नर्सरीतून आणला तेव्हा झकास होता, निळसर चंदेरी पानं, ताठ देठ, मोकळ्या जागेत खड्डा घेऊन लावला आणि दोन-तीन महिन्यांत खालची पानं एकेक करून करपायला लागली, मग मधला कोंब आहे तिथेच अडकला, पाणी वाढवून बघितलं, कमी करून बघितलं, खत टाकलं, शेवटी गेला. दुसरा आणला, पुन्हा तेच. आणि वर ऐकायचं काय, तर हा दुष्काळी पाम आहे हो, याला काही होत नाही.

याला काही होत नाही हे खरंय, पण ते मुळं खाली उतरलेल्या झाडाबद्दल खरंय. मादागास्करच्या पश्चिमेला आणि उत्तरेला जी उघडी गवताळ माळरानं आहेत तिथलं हे झाड, बाकी जगात कुठलंच मूळचं नाही. तिथे कित्येक महिने पाऊस नसतो, गवताला वणवे लागतात, आणि तरी हा पाम उभा असतो. पण तिथलं प्रत्येक झाड बी जिथे पडलं तिथेच वाढलेलं आहे, त्याला कोणी उचलून हलवलेलं नाही. नर्सरीतलं झाड वेगळं. त्याची सगळी मुळं हुंडीत, म्हणजे मुळांभोवतीच्या बादलीभर मातीच्या गोळ्यात. त्या झाडाकडून पहिल्या उन्हाळ्यात दुष्काळ सोसायची अपेक्षा करणं चूकच आहे, आणि बहुतेक झाडं इथेच जातात.

पण म्हणून भरपूर पाणी द्या एवढं सांगून भागत नाही, कारण जास्त पाण्याने मेलेले बिस्मार्किया पण तेवढेच आहेत आणि दोन्हीकडे पान वरून सारखंच वाळकं दिसतं. त्यामुळे आधी निदान करा, तोपर्यंत पाणी, खत, फवारणी काहीच बदलू नका.

निदानातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: खराब कोणतं पान होतंय, जुनं का नवं? पामाचा वाढीचा डोळा एकच असतो, खोडाच्या अगदी टोकाला, आत लपलेला. आंब्याला फांदी तुटली तर बाजूने फूट येते, इथे ती सोय नाही. तो डोळा जिवंत तर झाड जिवंत, बाहेरची निम्मी पानं गेली तरी. आणि तो डोळा कुजला तर बाहेरची पानं पुढे कित्येक आठवडे हिरवीगार राहतात आणि आपण बघत बसतो की अरे झाड तर छान आहे. म्हणून लावल्यानंतर खालची दोन-चार पानं वाळली म्हणून घाबरून जायचं काही कारण नाही, मुळं तुटली की झाड खालच्या पानांतून ओल आणि अन्न काढून वर देतं, ते त्याचं काम करतंय. लक्ष मधल्या कोंबावर ठेवा.

कोंब हलतोय का हे डोळ्यांना कळत नाही, पाम सावकाश वाढतो आणि रोज बघणाऱ्याला तर अजिबातच कळत नाही. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. परमनंट मार्कर घ्या, न उघडलेल्या मधल्या कोंबावर आणि त्याला चिकटून असलेल्या शेजारच्या पानाच्या देठावर, दोन्हींवर एका सरळ रेषेत आडवी खूण करा. दोन आठवड्यांनी बघा. कोंबावरची खूण देठावरच्या खुणेपेक्षा वर सरकलेली असेल, बोटभर का होईना, तर आत वाढ चालू आहे आणि तुम्हाला काहीही करायची गरज नाही, जे चाललंय ते चालू ठेवा. उष्ण दिवसांत महिनाभर ती खूण जागची हलली नाही तर मात्र खालचं वाचा. थंडीत नाही हलली तर एवढं मनावर घेऊ नका, माती गार असली की हा पाम थांबूनच राहतो.

दुसरी चाचणी कोंब हलकेच ओढून बघायची. हलकेच म्हणजे खरंच हलकेच, दोन बोटांनी. निरोगी कोंब जागचा हलत नाही. कुजलेला कोंब सुरी म्यानातून निघावी तसा अलगद वर येतो, खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत, आणि वास असा की परत विचारायला नको. तसं झालं तर घाबरायचं आहेच पण आशा लगेच सोडायची नाही, त्याबद्दल पुढे.

आता पाण्याचं. कोंब अडकलाय पण घट्ट आहे, खालची पानं वाळतायत, अशी केस असेल तर दहातल्या बहुतेक वेळा गडबड हुंडीत असते. वरून माती ओली दिसते म्हणून पाणी पुरतंय असं धरून चालू नका. नर्सरीतली माती बऱ्याचदा कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याची, भुसभुशीत, आणि ती एकदा पूर्ण कोरडी झाली की पाणी धरतच नाही, टाकलेलं पाणी हुंडीच्या बाजूने ओघळून भोवतालच्या मातीत जातं. मग अवस्था अशी की खड्ड्यातली माती चिखल आणि मुळं जिथे आहेत तिथे खडखडीत. हे बघायचं कसं, तर एक पातळ लोखंडी सळई किंवा लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, बुंध्यापासून वीतभर अंतरावर, म्हणजे जुन्या हुंडीच्या आत, हळूच खाली घाला, बाहेर काढून टोकाला काय लागलंय ते बघा. मग तसंच हुंडीच्या बाहेर. आत कोरडं बाहेर ओलं असेल तर पाणी आळ्यात लांबून सोडण्यात काही अर्थ नाही, बुंध्याजवळ अगदी बारीक धारेने, तास-दीड तास, हुंडी भिजेपर्यंत द्यायचं. ड्रिप असेल तर ड्रिपर हुंडीवर आणा, पहिल्या वर्षी तरी. नंतर मुळं बाहेर जातील तसे ड्रिपर बाहेर सरकवत न्यायचे.

उलट आत-बाहेर दोन्हीकडे पिचपिच असेल आणि सळईच्या टोकाला आंबट कुजका वास येत असेल तर पाणी ताबडतोब बंद. चिकण मातीत खड्डा घेऊन त्यात हलकी माती भरली की तो खड्डा म्हणजे टाकीच, आजूबाजूचं पाणी पण तिथेच येऊन बसतं. खड्ड्यात खाली खडी टाका असं सांगतात, त्याने काही होत नाही, पाणी जायला वाटच नसेल तर खडीत साचतं आणि मुळांच्या अजून जवळ येतं. अशा जमिनीत उपाय एकच, उंचावर लावणं. फूट-दीड फूट उंच, पसरट गादी करा आणि हुंडी त्यात बसवा, आणि खड्ड्यातून निघालेलीच माती परत भरा, फार तर थोडा मुरूम मिसळा. आधीच खाली लावलेलं छोटं झाड असेल आणि पाणी तुंबत असेल तर उपटून वर लावायचा मोह होतो, तो आवरा, त्याऐवजी बाजूने चर काढून पाणी दुसरीकडे वळवा. कारण आता सांगतो.

बिस्मार्कियाला मुळं दुखावलेली चालत नाहीत. सगळ्या पामांत हा याबाबतीत फार हळवा, आणि लहान वयात तर जास्तच. पामाचं खोड जमिनीच्या वर दिसायच्या आधी त्याला जमिनीखाली पूर्ण जाडी गाठावी लागते, मगच ते उंच व्हायला लागतं, कारण एकदा वर आल्यावर इतर झाडांसारखं दरवर्षी जाड होणं पामात नसतं. म्हणजे तुम्हाला नुसती पाच-सहा पानं जमिनीतून निघालेली दिसतायत आणि खोड नाही, तेव्हा खालती सगळं महत्त्वाचं काम चालू असतं. त्या वयाचं जमिनीत रुजलेलं झाड खणून काढलं तर वाचायची शक्यता कमीच. थोडं खोड वर आलेलं झाड त्या मानाने बरं हलवता येतं, पण तेही आधी काही आठवडे भोवतीने मुळं छाटून, परत नवी मुळं फुटू देऊन, मग मोठ्या हुंडीसकट. अचानक जेसीबी लावून उचललेला बिस्मार्किया विकत घेऊ नका, कितीही मोठा आणि सुंदर दिसो. कुंडीत किंवा पिशवीतच वाढलेलं झाड घ्या, आणि घेताना तेही नीट बघून घ्या की ते पिशवीतच वाढलंय, परवा जमिनीतून काढून पिशवीत कोंबलेलं नाहीये. कसं कळणार? बुंधा धरून थोडं हलवा, पिशवीसकट हललं तर ठीक, नुसतं झाड मातीत डगमगलं तर सोडून द्या.

लावताना पिशवी ओढून काढू नका. खड्ड्यात उतरवा, तिथे ब्लेडने उभी चिरा आणि बाजूने सोडवा. हुंडी फुटता कामा नये, मुळं मोकळी करायच्या भानगडीत पडू नका, बाकी झाडांना गोल फिरलेली मुळं कापतात तसं इथे करायचं नाही. आणि खोली! हुंडीचा वरचा पृष्ठभाग आणि जमीन एका पातळीत. वाऱ्याने पडेल म्हणून अर्धा फूट जास्त खोल लावलेले पाम सर्रास दिसतात, मग नवी पानं फिकट पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या, लोक लोह कमी आहे म्हणून फेरस टाकत राहतात. लोह मातीत असतं हो, मुळांना हवाच मिळत नाही त्यामुळे ते घेता येत नाही. वरची जास्तीची माती हलक्या हाताने काढून बुंधा मोकळा केला की पुढची पानं सुधारलेली येतात. झाड डगमगत असेल तर तीन बाजूंनी टेकू द्या, पण खोडात खिळा ठोकू नका, पामाची जखम भरून येत नाही, ती आहे तशीच राहते आणि तिथून बुरशी आत जाते. गवत कापायचं मशीन बुंध्याला घासतं त्याचंही तेच.

बियांपासून करणाऱ्यांची तक्रार जरा वेगळी असते पण मूळ तेच. बी पेरलं, कित्येक आठवडे काही नाही, उकरून बघितलं तर पांढरा कोंब खाली गेलेला, परत पुरलं, मेलं. या पामाचं बी रुजतं तेव्हा आधी वर काही येतच नाही, बियातून एक जाड कोंब सरळ खाली उतरतो, फूटभर सुद्धा जातो, आणि खाली गेल्यावर मग त्यातून मूळ आणि पहिलं पान निघतं. ताड पण असाच रुजतो, दोघं एकाच गटातले. म्हणून रोपांच्या ट्रेमध्ये किंवा उथळ कुंडीत पेरलं की तो कोंब तळाला आपटून वाकडा होतो आणि रोप कायमचं दुबळं राहतं. कमीत कमी दीड फूट खोल पिशवी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, बी जेमतेम मातीआड करा, माती 30 ते 35 अंश उबदार राहील अशी जागा बघा आणि उकरून बघू नका. ताजं बी असेल तर काही आठवड्यांतही रुजतं आणि काही बिया कित्येक महिने घेतात, एकाच झाडाच्या बिया असून. शक्य असेल तर सरळ कायमच्या जागीच पेरा, मुळं हलवायचा प्रश्नच येत नाही, मला तरी हाच मार्ग सगळ्यात पटतो, फक्त तिथे तण आणि उंदीर सांभाळावे लागतात.

मुळं ठीक आहेत, पाणी ठीक आहे, झाड दोन-तीन वर्षांचं रुजलेलं आहे आणि तरी पानं खराब होतायत, तर मग खताकडे या. इथेही तोच प्रश्न, जुनं पान का नवं. जुन्या पानांवर बारीक पिवळे-केशरी ठिपके, पान उजेडासमोर धरलं तर ते ठिपके आरपार दिसतात, आणि टोकं करपत आत येतायत, हे पोटॅश कमी पडल्याचं लक्षण. रेताड जमिनीत हमखास. यात लोक काय करतात, खराब दिसतं म्हणून ती पानं कापून टाकतात, आणि नेमकं तिथेच नुकसान होतं. नव्या पानाला लागणारं पोटॅश झाड त्या जुन्या पानांतून काढून घेत असतं, तुम्ही ते कापलं की ते वरच्या पानाकडे हात घालतं, मग ते खराब होतं, मग ते पण तुम्ही कापता. असं करत करत डोक्यावर तीन पानं उरतात. पूर्ण वाळून तपकिरी होईपर्यंत पान राहू द्या. जुन्या पानाच्या कडेने रुंद पिवळा पट्टा आणि मधे स्वच्छ हिरवं असेल तर ते मॅग्नेशियम.

खत घ्यायचं तर सावकाश सुटणारं, आणि पोटॅश नत्रापेक्षा जास्त असलेलं. फ्लोरिडा विद्यापीठाने पामांसाठी 8-2-12 (नत्र-स्फुरद-पोटॅश, टक्क्यांत) आणि त्यात 4 टक्के मॅग्नेशियम अशी शिफारस केलेली आहे, तोच आकडा मिळाला नाही तरी प्रमाण तसं असावं. नुसता युरिया टाकला की झाड जोरात हिरवं होतं आणि पोटॅशची कमतरता अजून वाढते, तो एकटा कधीच देऊ नका. खत बुंध्याला चिकटवून ढीग नाही करायचा, पानांच्या घेराखाली सगळीकडे पसरायचं. आणि नवीन लावलेल्या झाडाला पहिले काही महिने रासायनिक खत नकोच, कोंब हलायला लागला की मग.

नवीन पान खराब येत असेल, म्हणजे आखूड, टोकाला वाळलेलं, विस्कटलेलं, तर मँगेनीज, चुनखडीच्या जमिनीत हे फार होतं, मँगेनीज सल्फेटने फरक पडतो पण तो पुढच्या पानांत दिसतो, बिघडलेलं पान परत सुधारत नाही. नवीन पान उघडतच नाही, घड्या एकमेकांना चिकटून राहतात, टोक आकड्यासारखं वाकलंय, ते बोरॉन. बोरॉन देताना हात आखडता ठेवा, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा चिमूटभरही जास्त नको, आणि लगेच परत तर नकोच, कमी आणि विषारी यांच्यातलं अंतर अगदी थोडं असतं.

कोंब ओढल्यावर हातात आला त्या केसबद्दल. बहुतेक वेळा पावसाळ्यात किंवा रोज वरून पाणी मारणाऱ्यांकडे होतं हे, शेंड्यात पाणी साचून बुरशी लागते. कुजलेलं जेवढं निघेल तेवढं काढा, शेंडा झुकवता येत असेल तर साचलेलं पाणी ओतून टाका, कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक पाण्यात मिसळून आत सोडा, पाऊस असेल तर वरून आडोसा करा. आणि मग थांबा, कधी कधी आतला डोळा वाचलेला असतो आणि काही महिन्यांनी एक वेडंवाकडं, अर्धवट पान वर येतं. ते कुरूप पान कापू नका, त्याच्या मागून नीट पान येतं.

उघडलेल्या पानात एका ओळीत भोकं किंवा कात्रीने कापल्यासारखे सरळ काप दिसले तर बुरशी नाही, गेंड्या भुंगा आहे. पान घडीत असताना त्याने कोंबात बीळ पाडलं, पान उघडल्यावर त्या एका बिळाची रांग झाली. हा भुंगा वाढतो कुजत्या शेणखतात आणि कचऱ्याच्या ढिगात, तर झाडाजवळ कच्च्या शेणाचा ढीग ठेवू नका, ढीग असेल तर उलथापालथ करून पांढऱ्या जाड अळ्या वेचा. शेंड्यात बीळ दिसलं तर तारेचा आकडा घालून भुंगा बाहेर काढतात, नारळवाले हे सहज करतात. खोडावर तपकिरी चिकट रस आणि आंबूस वास असेल तर सोंड्या भुंग्याचा संशय घ्या आणि जाणकाराला लगेच दाखवा, त्यात उशीर परवडत नाही.

काही गोष्टी रोग नसतातच. देठावर दालचिनीच्या रंगाचे खवले दिसतात, नखाने खरवडले तर पापुद्रे निघतात, ते किडे नाहीत, देठ तसाच असतो. पानावरची पांढरी भुकटी ही भुरी नव्हे, ते मेण आहे, त्यामुळेच तो चंदेरी रंग, ते पुसू नका आणि तेल-साबणाची फवारणी मारू नका, मेण निघून पान डागाळतं. लहान रोपांच्या पानांवर लालसर जांभळी झाक असते, थंडीत जास्त, तीही जाते. रंग हिरवटच राहिला तर एकतर सावली आहे, याला दिवसभर ऊन लागतं, नाहीतर तो हिरवा प्रकारच आहे, तोही चांगलाच पण थंडी कमी सोसतो. चंदेरी शून्याखाली दोन-तीन अंश थोडा वेळ सहन करतो.

जागेचं एकच सांगतो. पूर्ण पान तीन मीटरपर्यंत रुंद होतं, वर देठाची लांबी वेगळी. भिंतीपासून दोन मीटरवर लावलेला बिस्मार्किया काही वर्षांनी हलवावा लागणार आणि हलवला की काय होतं ते वर सांगितलंच. चार-पाच मीटर मोकळे सोडा.

आणि शेवटची केस, जुनं झाड, खालून वर सगळी पानं एकदम मलूल होऊन लोंबायला लागली, बुंध्याजवळ लाकडावर पांढरट, मग तपकिरी, कडक कुत्र्याची छत्री चिकटलेली दिसली, तर तो गॅनोडर्मा, बुंधा आतून कुजवणारी बुरशी. याला औषध नाही. ती छत्री काढून पिशवीत बंद करून टाका म्हणजे बीजाणू पसरणार नाहीत, झाड काढा, बुंधा आणि मुळं जेवढी खणून निघतील तेवढी काढा, आणि त्या खड्ड्यात परत कुठलाही पाम लावू नका, बुरशी तिथल्या मातीत राहते. तिथे पाम सोडून दुसरं झाड घ्या आणि नवा बिस्मार्किया लांब, ताज्या जमिनीत लावा.